अठ्ठ्याऐंशी गुणांचा अर्ज

“बावीस,” हौसाकाकी म्हणाली आणि हातातला कागद तिनं माझ्या मांडीवर टाकला. “शंभरातले बावीस. अगं, सातवीच्या परीक्षेला अंगात ताप घेऊन बसले हुते, तवाबी पंचेचाळीस पडले हुते मला.”

तिच्या भुवयांवर गव्हाचं पीठ होतं आणि डोळ्यांत पाणी. मी कागद उचलला. काकीचाच अर्ज होता तो, मोठाल्या, एकमेकांना न टेकणाऱ्या अक्षरांतला. ‘गिरणीचा आवाज होतो हे खरे आहे. गिरणी आहे, आवाज होणारच. मी ती हलवणार नाही.’ एवढ्यात अर्ज संपला होता. खाली लाल शाईत शिंत्रे सरांचा शेरा होता: ‘विस्तार नाही. समास सोडलेला नाही. एकही म्हण अथवा सुविचार नाही. विद्यार्थिनीने अवांतर वाचन वाढवावे.’ मग ‘विद्यार्थिनीने’ खोडून वर ‘अर्जदाराने’ केलेलं.

आता तुम्ही म्हणाल, गिरणीच्या अर्जाला गुण कसले? तर त्यासाठी आमच्या बोरजाईवाडीची तंटामुक्त समिती माहीत पाहिजे. त्या काळात गावोगाव अशा समित्या निघाल्या होत्या. भांडण कोर्टात न्यायचं नाही, गावातच मिटवायचं. आमच्या गावात अध्यक्ष नेमायचा म्हटल्यावर आधी त्यावरूनच डोकी फुटायची वेळ आली, कारण गाव सगळं दोन भावक्यांत वाटलेलं. शेवटी दोन्हींत नसलेला एकच माणूस सापडला, ते शिंत्रे सर. जन्मभर तालुक्याच्या हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालेले आणि बायकोचं माहेर म्हणून आमच्या गावात घर बांधून राहिलेले.

सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, तोंडी काही चालणार नाही, लेखी द्या. लोकांनी लेखी दिलं. सरांनी ते घरी नेलं आणि जन्मभर जे केलं तेच केलं. अर्ज तपासले. भाषेला इतके, मुद्द्यांच्या मांडणीला इतके, म्हणी-वाक्प्रचारांना इतके, अक्षराला इतके. ज्याला जास्त गुण, त्याचं म्हणणं मान्य. आणि जिंकलेला अर्ज उत्कृष्ट निबंध म्हणून पंचायतीच्या फळ्यावर टाचायचा.

गावाला हे फार आवडलं बघा. काठ्या-कुऱ्हाडींपेक्षा लाल शाई बरी असं बायकांना वाटलं, आणि पुरुषांना गुणांची चटक लागली. बाबर भावांच्या बांधाच्या भांडणात थोरल्याला एकसष्ट पडले आणि धाकट्याला अठ्ठावन्न, कारण धाकट्यानं ‘आयत्या बिळावर नागोबा’ ही म्हण स्वतःच्याच बाजूनं लावली होती. बांध सरकला धाकट्याच्या रानात. धाकटा कोर्टात गेला नाही. तो तालुक्याला जाऊन म्हणींचं पुस्तक घेऊन आला.

तर अशा या समितीपुढं काकीच्या गिरणीविरुद्ध अर्ज आला, शेजारच्या धोंडीनानांचा. त्यांच्या घराची आणि गिरणीची भिंत पाठीला पाठ लावून उभी. नाना माणूस वाईट नव्हता. दुपारी झोप आवडायची एवढंच, आणि नेमकी दुपारीच दळणाची गर्दी. पण ‘मला झोप येत नाही’ असं लिहून गुण पडत नाहीत, हे त्यांना कळत होतं. त्यांचा एक भाचा पुण्यात साहेब व्हायच्या परीक्षांचा अभ्यास करत होता. त्याला बोलावून त्यांनी चांगला पाच पानी अर्ज लिहून घेतला. त्याला पडले अठ्ठ्याऐंशी. गिरणी अक्षय्य तृतीयेच्या आत माळावर हलवावी, असा निकाल लागला.

माळावर विजेचा खांबसुद्धा नव्हता. तिथं गिरणी नेणं म्हणजे भंगारात घालणं. काका गेले तेव्हा काकीचे भाऊ तिला न्यायला आले होते. तिनं त्यांना चहा पाजून परत पाठवलं आणि दसऱ्याला गिरणी घातली. दगड गुळगुळीत झाला की त्याला टाकी ती स्वतः मारायची, पट्टा तुटला तर स्वतः जोडायची. वडलांच्या गावात कॉलेज नाही म्हणून मी तिच्याकडं राहायला आले, तर माझं जेवण, माझी एसटी, माझी पुस्तकं हे सगळंही त्याच पट्ट्यावर फिरत होतं. गिरणी गेली असती तर काकी भावांच्या दारात आणि मी वडलांच्या, असा सरळ हिशेब होता.

“अजून एक संधी हाय,” काकी नाक ओढत म्हणाली. “फेरतपासणी म्हणं. रविवारी देवळाफुडं. तू लिही वैजू. तू बी. ए.ला हायेस. चांगल्या धा-बारा म्हणी घाल.”

मी म्हटलं, आधी नानांचा अर्ज तरी बघू. आम्ही दोघी पंचायतीच्या फळ्याशी गेलो. तिथं आधीच चार माणसं मान वर करून वाचत होती आणि ‘काय भाषा हाय’ म्हणत होती.

भाषा होतीच. सुरुवातीला सुविचार होता, ‘जेथे शांतता तेथे लक्ष्मी.’ मग मुद्दे. तीन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या सुमुहूर्तावर सदर गिरणी सुरू झाली. तत्पूर्वी हे गाव सुखाने नांदत होते. त्यानंतर अर्जदाराच्या म्हशीचे दूध निम्म्यावर आले. अर्जदाराच्या माडीच्या भिंतीस आढ्यापासून जोत्यापर्यंत तडा गेला. अर्जदाराचे चिरंजीव संपत यांना पाच ठिकाणी मुली दाखवल्या, पाचही ठिकाणी नकार आला. गावविहिरीचे पाणी खोल गेले. साक्षात मारुतीरायाच्या ध्वजाची काठी मोडली. ‘दूध का दूध आणि पानी का पानी व्हावे, यास्तव यावरून निर्विवाद सिद्ध होते की, वरील सर्व अरिष्टांचे मूळ सदर गिरणी हेच होय.’

मी ते एकदा वाचलं, परत वाचलं आणि मला हसू फुटलं. कॉलेजात मला तर्कशास्त्र होतं. बाकी काही डोक्यात शिरलं नव्हतं, पण एवढं शिरलं होतं.

“दात कशाला काढतीस?” काकी चिडली. “माझं घर मोडतंय हितं.”

“काकी, शिंत्रे सर गावात राहायला कधी आले गं?”

“त्याच दसऱ्याला की. सकाळी आपल्या गिरणीची पूजा झाली आन दुपारी त्यांच्या घरभरणीला जेवलो. पुरण पातळ झालं हुतं त्यांचं. का गं?”

काही नाही म्हटलं. घरी येऊन मी कोरे ताव घेतले, दोन्ही बाजूंनी समास आखला आणि लिहायला बसले. काकीनं डोकावून बघायचा लई प्रयत्न केला, मी हात आडवा धरला. म्हणी घातल्यास का, तेवढं तरी सांग, म्हणून ती मागं लागली. मी सांगितलं, घातल्यात. त्यावर तिचं समाधान झालं नाही. आठवडाभर ती दगडाला टाकी मारत बसली, गरज नसताना, आणि प्रत्येक घावाला नानांच्या नावानं काहीतरी पुटपुटत होती.

रविवारी मारुतीच्या देवळापुढं निम्मं गाव जमलं. गुण लागणार म्हटल्यावर कोण घरी बसतंय? सर पारावर सतरंजीवर बसले होते, खिशाला लाल पेन. नाना पांढरा फेटा बांधून पहिल्या रांगेत, शेजारी संपत. फेरतपासणीचा अर्ज आधी वाचायचा नाही, पक्षपाताचा आरोप नको म्हणून सगळ्यांदेखत फोडायचा आणि मोठ्यानं वाचायचा, हा नियम सरांचाच. माझी सगळी मदार त्या नियमावर होती.

सरांनी घडी उलगडली आणि त्यांचा चेहरा खुलला. समास बघितला, अक्षर बघितलं, ‘वा’ म्हणाले. मग घसा खाकरून त्यांनी आपल्या वर्गातल्या आवाजात वाचायला सुरुवात केली. काय तो आवाज, पाराच्या टोकापर्यंत शब्द न शब्द पोचत होता.

अर्जात सुविचार होता. मग लिहिलं होतं की तीन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या सुमुहूर्तावर या गावात एक घटना घडली, आणि तत्पूर्वी हे गाव सुखाने नांदत होते. त्यानंतर धोंडीनानांच्या म्हशीचे दूध निम्म्यावर आले.

“आलं,” नाना म्हणाले. त्यांना वाटलं, पोरगी शरण आली.

नानांच्या माडीच्या भिंतीस तडा गेला. नानांनी ‘गेला, गेला’ करत मान डोलावली. संपतला पाच मुलींनी नाकारलं, त्यालाही नानांनी दुजोरा दिला, संपतनं तेवढी मान खाली घातली. विहिरीचं पाणी, ध्वजाची काठी, एकेका मुद्द्याला गाव ‘बराबर हाय’ म्हणत होतं. काकी माझ्या दंडाला चिमटा काढून दातओठ खात विचारत होती की तू कुणाच्या बाजूनं लिहिलंयस भवाने.

सर रंगात आले होते. शेवटचा परिच्छेद त्यांनी जरा थांबून, हात उंचावून वाचला. “‘दसऱ्याच्या दिवशी घडलेली ती घटना म्हणजे श्रीयुत शिंत्रे सर या गावी राहावयास आले. यावरून निर्विवाद सिद्ध होते की, वरील सर्व अरिष्टांचे मूळ सदर सर हेच होत. सबब सरांना अक्षय्य तृतीयेच्या आत, सन्मानपूर्वक, माळावर हलवावे.’”

‘हलवावे’ हा शब्द तोंडातून बाहेर पडल्यावर सरांना कळलं की आपण काय वाचलं. हात तसाच वर राहिला.

मला वाटलं होतं, आता गाव हसेल, सर ओशाळतील, आणि झालं. पण गाव हसलंच नाही. गाव विचार करायला लागलं. मागून एक म्हातारा म्हणाला, तसं बघितलं तर खरं हाय, त्याच दिवाळीला माझा बैल बसला तो उठलाच न्हाई. एक बाई म्हणाली, माझ्या जावंची कूस त्याच साली उजवली न्हाई. धाकटा बाबर पुस्तक वाचून तयार होता, तो म्हणाला, करणी सरांची आणि भरणी गावाची. बघता बघता माळावर सरांना पत्र्याची खोली किती लांबीची बांधावी, यावर बोलणं आलं. मी घाबरले. चेष्टेचा अर्ज होता तो, आणि गाव त्याला चक्क मत द्यायला निघालं होतं.

सर उठून उभे राहिले.

“गप्प बसा सगळे,” ते म्हणाले, आणि सवयीनं सगळे गप्प बसले. “हा काय मूर्खपणा आहे? मी आलो आणि विहीर आटली? शेजारच्या चार गावांतल्या विहिरी त्याच साली आटल्या, तिथं मी राहायला गेलो होतो? माझ्यानंतर झालं म्हणून माझ्यामुळं झालं? कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली तर कावळ्याला फाशी देता काय? आणि माझ्या येण्यानंतर गावात एसटी यायला लागली, नळ आला. ते कुणी लिहिलं का अर्जात? सोयीचं तेवढं उचललं आणि गैरसोयीचं गाळलं. याला पुरावा म्हणतात?”

गाव ऐकत होतं. मराठीच्या तासाला ते कधी एवढं पेटून बोलले नसतील. मग त्यांनी बोट रोखलं नानांवर.

“धोंडीराम, उभे राहा. म्हशीचं दूध कमी झालं ते मी आल्यामुळं?”

नाना उभे राहिले. त्यांची पंचाईत झाली होती. ज्यांनी अठ्ठ्याऐंशी गुण दिले, त्या माणसाला माळावर जाऊ देणं त्यांना परवडणारं नव्हतं. पारावर सगळ्यांदेखत सर वर्गातल्यासारखे विचारत होते, आणि नाना वर्गातल्यासारखे खरं बोलायला लागले.

“न्हाई सर. तुमचा काय संबंध? म्हस म्हातारी झालीया. लई वेतं झाली तिची.”

“भिंत?”

“भिंतीचा पायाच वीतभर हाय. पैसं वाचवायला गेलो मी.”

“आणि संपतचं लग्न? तेही मीच मोडलं?”

नानांनी फेटा सारखा केला. “त्यो पोरगी बघायला जातोय आन पोह्यात मीठ कमी हाय म्हणून पोरीच्या आईला सांगतोय. पाची घरात त्येनं त्येच केलं. त्येला तुम्ही तरी काय करणार?”

आता मात्र गाव हसलं. असं हसलं की देवळातले पारवे उडाले. संपत हसण्याच्या पलीकडं गेला होता, त्यानं तोंड गुडघ्यांत घातलं. सर विजयानं सगळीकडं बघत होते. जन्मभरात त्यांनी एवढी तपासणी कुठल्या पेपराची केली नसेल. “म्हणजे यात एकाही गोष्टीचा पुरावा नाही,” ते म्हणाले. “भाषा उत्तम, अक्षर सुंदर, पण आत काही नाही. ज्यानं असा अर्ज केला त्याला लाज वाटली पाहिजे.”

“मग सर,” हौसाकाकी उभी राहिली. डोक्यावरचा पदर तिनं पुढं ओढला होता. “फळ्यावर जो अर्ज लावलाय गिरणीचा, त्यात दुसरं काय हाय? म्हस तीच, भित तीच, संपाबी त्योच. तुमचं नाव लावलं तर सगळं खोटं, आन माझी गिरणी लावली तर अठ्ठ्याऐंशी?”

मी सरांकडं बघायचं टाळत होते, पण बघितलंच. ते काकीकडं बघत नव्हते. ते हातातल्या अर्जाकडं बघत होते, आणि त्यांचे ओठ हलत होते, जसं एखादं वाक्य परत मनात वाचावं तसे. मग ते खाली बसले. फळ्यावरचा नानांचा अर्ज आणा म्हणाले. तो आणला. त्यांनी दोन्ही अर्ज मांडीवर शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ एका कागदावरून दुसऱ्यावर नजर फिरवत राहिले.

माझ्यावर ते चिडतील, कागद फाडतील, असं मला वाटत होतं. पण सरांचा एक गुण सांगितला पाहिजे. पेपर तपासताना त्यांनी आयुष्यात कुणाची भीड धरली नव्हती, मग स्वतःची कशी धरणार? त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि दोन्ही अर्जांच्या समासात एक नवा रकाना आखला. त्यावर ‘पुरावा’ असं लिहिलं. दोन्हीकडं खाली शून्य काढलं, चांगलं गोल.

“पुराव्याला शून्य असेल तर बाकीचे गुण धरायचे नाहीत,” ते म्हणाले. “हा नियम आधीपासून पाहिजे होता. माझी चूक झाली.” मग त्यांनी काकीचा अर्ज मागितला. काकीनं तो कमरेच्या पिशवीतून काढून दिला, चार घड्यांचा. सरांनी तो वाचला. “आवाज होतो म्हणतेस, तो होतो. गिरणी आहे म्हणून होतो, तेही खरं. यात एकही वाक्य खोटं नाही.”

“मग वाढवा की गुण,” काकी म्हणाली.

“गुण बावीसच राहतील. समास नाही,” सर म्हणाले. “पण समोर शून्य आहे. गिरणी आहे तिथंच राहील. दुपारी तासभर बंद ठेवायची, धोंडीरामला झोप लागते.”

काकी मटकन खाली बसली आणि रडायला लागली. मीही तिच्या पदरात तोंड घालून हसत होते की रडत होते, मला कळेना. पाठीमागून बाबरांचा थोरला सरांना विचारत होता की आमच्या बांधाच्या अर्जात पुरावा बघायचा राहिलाय का, आणि धाकटा पुस्तक मिटून ताठ बसला होता.

गावात आठ-दहा दिवस दुसरा विषय नव्हता. संपत घराबाहेर पडेना. पडला की पोरं विचारायची, मीठ बरोबर हाय का. निकालानंतर आठव्या दिवशी, सोमवारी, त्याला तालुक्याजवळच्या एका गावात पोरगी बघायला नेलं. नेताना नानांनी काय दम भरला असेल देव जाणे, पण पोरानं पोहे खाल्ले, ‘छान झालेत’ म्हणाला आणि गप्प बसला. सोयरीक तिथल्या तिथं जुळली.

ही बातमी आम्हाला कळली ती नानांकडूनच. सकाळी गिरणीच्या दारात बैलगाडी थांबली. गाडीत लग्नाचे गहू, हरभरा, तांदूळ. नाना नारळ घेऊन उतरले आणि गिरणीच्या उंबऱ्यावर त्यांनी तो फोडला.

“हौसाबाई,” नाना हात जोडून म्हणाले, “संपाच्या लग्नाचं मुहूर्ताचं दळण तुझ्याच गिरणीवर. माझं डोळं उघडलं बाई. तीन वर्सं मी हिच्या वाईटावर हुतो, तवर एक सोयरीक जमली न्हाई. हिला न हलवायचं ठरलं आन आठ दिसांत पोराचं लगीन ठरलं. साक्षात लक्ष्मी हाय ही. माझ्या धाकट्याचं हुईस्तवर तरी हिला हितनं हलवू नगंस. पायजे तर दुपारचीबी चालव, मी जागा राहतो.” आणि त्यांनी कोपरीच्या खिशातून एक ताव काढला. “मी समितीला लेखी देनार हाय. भाच्याकडनं लिवून घेतलंय. वैजू, तू बग जरा.”

मी बघितलं. सुविचार होता. समास होता. दोन्ही बाजूंनी. नव्या नियमाप्रमाणे ‘पुरावा’ असा वेगळा रकानाही पाडला होता आणि त्यात लिहिलं होतं, ‘निकाल लागला, त्यानंतर लग्न जमले. यावरून निर्विवाद सिद्ध होते की’.

माझी जीभ वळवळायला लागली. “नाना,” मी म्हटलं, “पण हे तर अगदी पहिल्या अर्जासारखंच झालं. लग्न जमलं ते गिरणीमुळं कशावरून? संपत पोह्यांवर बोलला नाही म्हणून—”

काकीचा हात खटक्यावर गेला. पट्टा फिरायला लागला, दगड घुमायला लागला, पत्रा थरथरायला लागला, आणि पुढचं सगळं त्या धडधडीत गेलं. माझं तोंड हलत होतं. नाना कानाला हात लावून पुढं वाकले.

“काय म्हणतीया वैजू?” ते ओरडले.

“बराबर हाय म्हणतीया,” काकी ओरडली, आणि लग्नाचे गहू तिनं वरच्या टोपल्यात ओतले.